‘लाल म्हणजे किती?’ : हवामान बदलाचा धडा, मोबाइल आणि सुतळी

माझी मावशी शाळेत भूगोल शिकवते. मागच्या महिन्यात म्हणाली, “आठवीच्या मुलांना मोबाइलवरून हवामान बदल दाखव ना जरा.” मी खुशीत ‘वॉर्मिंग स्ट्राइप्स’ डाउनलोड करून नेल्या. रीडिंग विद्यापीठातले शास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये हे चित्र लोकांसमोर आणलं. एक पट्टी म्हणजे एक वर्ष. थंड वर्ष निळं, गरम वर्ष लाल. आकडा एकही नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही.

वर्गातल्या एका मुलाला अजिबात दिसत नाही. त्याने विचारलं, “दादा, काय आहे चित्रात?” मी म्हटलं, “डावीकडे निळं, उजवीकडे लाल होत जातं.” “लाल म्हणजे किती?” मला सांगताच येईना. खरं तर बाकीच्यांनाही ते कळलं नव्हतं, त्यांनी विचारलं नाही इतकंच.

घरी येऊन मी नासाच्या ‘जिस्टेम्प’ पानावरून जागतिक तापमानाची सीएसव्ही फाइल घेतली. मोफत आहे, गूगल शीट्समध्ये उघडते. १८८० पासूनचे आकडे आहेत आणि ‘जे-डी’ नावाच्या रकान्यात पूर्ण वर्षाची सरासरी मिळते. प्रत्येक आकडा म्हणजे १९५१ ते १९८० च्या सरासरीपेक्षा किती अंश जास्त किंवा कमी. २०२४ समोर १.२८ आहे.

ही शीट टॉकबॅक वाचून दाखवतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली की ते सुरू होतं (आधी सेटिंगमध्ये हा शॉर्टकट चालू करावा लागतो). मग एका टॅपला फोन नुसतं वाचतो, उघडायला डबल टॅप, सरकवायला दोन बोटं. मला हे ठाऊक नव्हतं. वाटलं, फोन हँग झाला! त्या मुलानेच हसत हसत सोडवला.

पण शंभरावर आकडे ऐकून कुणालाही झोप येईल. त्यापेक्षा ‘अ साँग ऑफ अवर वॉर्मिंग प्लॅनेट’ शोधून ऐकवा. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनियल क्रॉफर्ड या विद्यार्थ्याने २०१३ मध्ये नासाचेच आकडे चेलोवर वाजवले. वर्ष जितकं गरम, तितका सूर उंच.

सगळ्यात जास्त चाललं ते मात्र सुतळीचं काम. शीटमध्ये ‘अ‍ॅव्हरेज’ सूत्राने दर दहा वर्षांची सरासरी काढली. एक अंश म्हणजे दहा सेंटिमीटर, या मापाने तुकडे कापले. पुठ्ठ्यावर मधोमध जाड लोकर चिकटवली, ती शून्याची रेषा. सुरुवातीच्या सुतळ्या रेषेखाली, मधल्या काही रेषेला जवळजवळ चिकटलेल्या, १९८० नंतरच्या वर चढत गेलेल्या. शेवटी एकट्या २०२४ ची, १२.८ सेंटिमीटरची.

त्याने डावीकडून बोट फिरवत आणलं आणि शेवटी थांबला. “दादा, ही पुठ्ठ्याच्या बाहेर लोंबतेय.”

मी पुठ्ठा दशकांच्या मापाने कापला होता. मावशी म्हणाली, मोठा आण. तोवर मागच्या बाकावरची पोरंही डोळे मिटून हात लावायला रांगेत उभी होती.