मशीन रक्त साफ करतं, पायांचं काय?

किडनी म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर मुतखडा आठवतो, आणि लगेच कुणीतरी बिअरचा इलाज सांगतं. (तो इलाज नाही, हे जाता जाता सांगून टाकते.) पण ज्यांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या, त्यांचं रुटीनच वेगळं. बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास डायलिसिस घ्यावं लागतं.

माझे मामा त्यासाठी जालन्याहून इथे येतात. पहिलं वर्षभर घरातला प्रत्येक जण त्यांना प्रेमाने एकच सांगायचा, "तुम्ही पडून राहा." रिपोर्ट बरे येत होते, पण जमिनीवरून उठताना मामांना दोन माणसांचा आधार लागायला लागला. या आजारात स्नायू झिजतातच. रक्तातलं आम्ल वाढतं, भूक मरते, डायलिसिसमध्ये थोडी अमिनो आम्लंही वाहून जातात. त्यात हालचाल बंद! म्हणजे उरलीसुरली ताकदही गेली. फिजिओथेरपीची गरज नेमकी इथे आहे.

हीट ट्रान्सफर शिकलेल्यांना डायलायझर ओळखीचा वाटेल. काउंटरफ्लो हीट एक्स्चेंजरच तो, फक्त उष्णतेऐवजी युरिया पलीकडे जातो. पण मशीन साफ करतं ते त्याच्यापर्यंत पोचलेलं रक्त. बराच युरिया स्नायूंमध्ये असतो आणि निवांत पडलेल्या पायांत रक्त कमी फिरतं. म्हणून डायलिसिस संपल्यावर हा युरिया हळूहळू रक्तात उतरतो. त्याला रीबाउंड म्हणतात. डायलिसिस चालू असताना पाय चालवले तर तो थोडा जास्त बाहेर यायला मदत होते. अर्थात खरा फायदा ताकदीचाच.

त्यासाठी पलंगाच्या पायथ्याशी पेडल लावतात आणि पेशंट झोपल्या झोपल्या सायकल मारतो. हे सहसा पहिल्या दोन तासांत करतात, कारण पुढे शरीरातलं पाणी निघून गेलं की बीपी घसरू शकतं. सुया लावलेला हात मात्र अजिबात हलवायचा नाही. त्या हातात रोहिणी आणि नीला जोडून केलेली फिस्टुला असते (ही पद्धत १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडली). नवी फिस्टुला भरून येताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच हाताने रबरी चेंडू दाबायचा, हीसुद्धा फिजिओथेरपीच.

मशीन नसलं तरी अडत नाही. इटलीतल्या डायलिसिस पेशंट्सना सहा महिने घरच्या घरी, ठरावीक तालावर चालायला लावलं होतं. २०१७ साली निकाल छापून आला. सहा मिनिटांत ते सरासरी ३२८ मीटर चालायचे, ते ३६७ वर गेले. न चालणारे होते तिथेच राहिले. ३९ मीटर आपल्याला काहीच नाहीत, पण आधाराशिवाय बाथरूमला जाऊन येणं त्यात बसतं! मामा सध्या खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात.

किडनीविकारासाठीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० मिनिटं, किंवा शरीराला झेपेल तितका, मध्यम व्यायाम सांगितलाय. घाटीत काय किंवा खासगी हॉस्पिटलात काय, डायलिसिस घेणारं कुणी तुमच्या घरी असेल तर "फिजिओथेरपिस्टला कधी दाखवू?" हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, दम लागून बोलता येईना, तर तिथेच थांबायचं. डायलिसिस चुकलं असेल तर व्यायामही नको. आणि आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात चालायचं ते पहाटेच, कारण घाम आला म्हणून जास्त पाणी प्यायची मुभा या पेशंट्सना नसते.