डांसाची जात ओळखण्याची नवी युक्ति

डांस अंगावर बसला कीं आपण हात उगारतों. तो कोणत्या जातीचा, हें कोणी विचारीत नाहीं. परंतु विद्यार्थिमित्रहो, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर कधीं कधीं सबंध शहराचें आरोग्य अवलंबून असतें.

पुढें मुंबईंत प्लेगच्या संशोधनामुळें प्रसिद्धीस आलेले डॉ. ग्लेन लिस्टन यांनीं १९०१ सालीं वऱ्हाडांतील एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथील एका डांसाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याचें शास्त्रीय नांव ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. हिंवताप फैलावणारा हा डांस शहरांतही सुखानें नांदतो. विहिरी, हौद व गच्चीवरील टाक्या यांतील स्वच्छ पाण्यांत त्याची मादी अंडीं घालते.

आपल्याकडील हा जुना शत्रु २०१२ सालीं आफ्रिकेंतील जिबूती येथें आढळला. त्या वर्षीं त्या देशांत हिंवतापाचे अवघे २७ रोगी नोंदले गेले होते; २०२० सालीं ही संख्या ७३,००० च्या वर गेली. तेथील पूर्वीच्या डांसांची पैदास मुख्यत्वें पावसाळी डबक्यांत होत असे. ह्याला वर्षभर भरलेल्या टाक्या मिळाल्या. सबब परका डांस आला आहे हें वेळींच कळलें, तरच योग्य तो उपाय योजतां येतो.

अडचण अशी कीं, सांपडलेल्या डांसाचे पंख व पाय पुष्कळदां तुटलेले असतात, आणि अळीवरून जात ओळखणें तर जाणत्यासही कठीण. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या पेशींतील डीएनए हें आनुवंशिक द्रव्य तपासतात. त्यांतील घटकांचा क्रम कांहीं ठिकाणीं प्रत्येक जातीचा स्वतंत्र असतो. ‘लॅम्प’ नांवाच्या पद्धतींत डांसाचा अर्क व विशिष्ट रसायनें एका नळींत घालून ती सुमारें ६५ अंश सेल्सिअस उष्णतेंत ठेवतात. डांस त्याच जातीचा असेल, तर तो क्रम असलेल्या डीएनएच्या असंख्य प्रती तासाभरांत तयार होतात व नळींतील द्रवाचा रंग पालटतो. नसेल तर पालटत नाहीं. पीसीआर ह्या पद्धतींत उष्णतामान वारंवार वर-खालीं न्यावें लागतें व त्यासाठीं महाग यंत्र लागतें. लॅम्पला तें लागत नाहीं. त्यामुळें लहान प्रयोगशाळेंतही ही परीक्षा करतां येते.

आपल्या कोल्हापुरांत हा डांस शोधण्यासाठीं पालकांस अशी नळी घरीं आणावयास नको. अंड्यापासून डांस होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्यास एकदां हौद व पिंपें रिकामीं करून घांसावींत, कोरडीं करावींत, आणि गच्चीवरील टाकीस घट्ट झांकण बसवावें. हें काम मुलांनीं रविवारीं वडिलांबरोबर अवश्य करावें.