आगबोटीची वाट आणि आनंदीबाई

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-आयर्लंडमधील लक्षावधी माणसे आगबोटीने अमेरिकेत कायमच्या वस्तीला गेली. शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चाले. अटलांटिक ओलांडायला त्याला कित्येक आठवडे लागत. आगबोट कोळशावर चाले, म्हणून तिला वेळापत्रक असे. वेळापत्रक आले म्हणजे टपालही वेळेवर आले. आणि आपल्या एका मुलीला अमेरिकेची वाट उघडली ती आधी टपालानेच.

कबनूरच्या श्रोत्यांना सांगायला हवे की, या हकिगतीचा आरंभ आपल्या कोल्हापूरचा आहे. गोपाळराव जोशी येथे टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीच्या शिक्षणासाठी १८७८ साली त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्र धाडले. धर्म बदला म्हणजे मदत करू, असा सूर उत्तरात निघाला. दांपत्याने तो मानला नाही. मात्र तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना आपुलकीने पत्र लिहिले. दोघींची ओळख कागदावरच वाढली.

समुद्र ओलांडणे तेव्हा धर्मबाह्य समजत. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील जाहीर सभेत आनंदीबाईंनी आपला हेतू सांगितला : हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, आपल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी. ७ एप्रिलला त्या पतीवाचून कलकत्त्याहून निघाल्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता, त्यामुळे आफ्रिकेचा वळसा वाचला. तरीही न्यूयॉर्क गाठायला ४ जून उजाडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा होते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांनी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळवली. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा देऊ केली. ज्या गावातून पत्र गेले, त्याच गावी डॉक्टरीण यायची होती. परंतु क्षयाने त्यांना ग्रासले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरची ती जागा त्यांना घेता आली नाही.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. वस्तीला गेलेल्यांना आगबोटीने नवे घर दिले. आनंदीबाईंना घर नको होते, विद्या हवी होती. ती घेऊन त्या परतल्याही. उरलेले काम मात्र मागच्यांच्या वाट्याला आले.