जामीन राहणारे दगड

मध्य हिंदुस्थानातील झाबुआ संस्थानाच्या मुलखात काजलीडोंगरी या नावाची मँगनीजची एक खाण होती; तेथे सापडलेल्या एका काळसर खनिजाचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील एल. एल. फर्मर यांनी 1906 मध्ये केले आणि खात्याचे त्या वेळचे प्रमुख टॉमस हॉलंड यांच्या सन्मानार्थ त्यास ‘हॉलंडाइट’ हे नाव दिले. अणूला केंद्रक असते हेही ज्या काळी कोणास ठाऊक नव्हते, त्या काळी खात्याच्या दफ्तरात नोंदल्या गेलेल्या या खनिजाची घडण पुढे पाऊणशे वर्षांनी अणुभट्टीतील जहाल राखेला कैदेत ठेवण्याच्या कामी येईल, ही कल्पना कोणाच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते.

अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनकांड्या नायट्रिक आम्लात विरघळवून त्यांतील युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतले, म्हणजे मागे जो तीव्र किरणोत्सारी द्रव उरतो, त्यात दोन निराळ्या स्वभावांचे कैदी एकत्र सापडतात. सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 हे अतिशय प्रखर, पण त्यांचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत जेवढा काळ लोटला तेवढ्या मुदतीत त्यांचा हजारावा हिस्साही उरत नाही. याउलट काढून घेताना मागे राहिलेल्या प्लुटोनियम-239 च्या अंशाचे अर्धायुष्य 24,100 वर्षांचे आणि नेपच्युनियम-237 चे तर एकवीस लाख वर्षांचे. कोणतेही राज्य, कोणतेही खाते, कोणताही मोहोरबंद करारनामा इतक्या मुदतीची हमी देऊ शकत नाही, आणि तरीही हमी तर कोणीतरी द्यावीच लागते. या विषयातील खरा पेच मला येथे दिसतो.

आज जगभर हे काम मुख्यतः काचेकडे सोपवलेले आहे. आपल्याकडे तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कम येथे हा द्रव बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत ओततात. ट्रॉम्बेच्या जुन्या द्रवात सल्फेटचे प्रमाण अधिक असून ते साध्या काचेत मिसळत नाही, म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी बेरियमयुक्त काच योजली, ही कामगिरी निःसंशय गौरवास्पद आहे. काचेचा मोठा गुण असा, की तिच्यात अणूंची सुव्यवस्थित मांडणी नसल्यामुळे बहुतेक मूलद्रव्यांना ती आत सामावून घेते. पण भूगर्भातील उष्ण पाण्याशी गाठ पडली, तर तीच काच तुलनेने लवकर झिजू लागते.

ही उणीव ज्यांना अस्वस्थ करून गेली ते टेड रिंगवूड हे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठातील भूवैज्ञानिक. त्यांची हयात पृथ्वीच्या प्रावरणात प्रचंड दाबाखाली खनिजे कशी बदलतात, याच्या शोधात गेली होती. ‘रिंगवूडाइट’ हे खनिज त्यांच्याच नावाचे. 1978 मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न भूवैज्ञानिकालाच सुचावा असा होता: ज्या मूलद्रव्यांना आपण कोट्यवधी वर्षे अडकवू पाहतो, त्यांना किंवा त्यांच्या सगोत्रांना निसर्गात कोणत्या खनिजांनी तितकी वर्षे अडकवून ठेवले आहे? उत्तरादाखल त्यांनी टायटॅनियमची प्रधानता असलेला कृत्रिम खडक सिद्ध केला. ‘सिनरॉक’ या नावाने तो ओळखला जातो आणि झिर्कोनोलाइट, पेरोव्हस्काइट व हॉलंडाइट ही त्यातील मुख्य खनिजे.

स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, आणि त्या जागी परका अणू बसवायचा तर त्याचा आकार व विद्युत्भार ही दोन्ही जुळावी लागतात. झिर्कोनोलाइटात झिर्कोनियमच्या जागी युरेनियम वा प्लुटोनियम बसते, पेरोव्हस्काइटात कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम. हॉलंडाइटाच्या घडणीत अणूंच्या भिंतींमधून लांब बोगदे गेलेले असतात. सिनरॉकमधील टायटॅनियमयुक्त हॉलंडाइटात त्या बोगद्यांत बेरियम नांदते आणि त्याच्याच शेजारी सीझियमची सोय होते. येथे मला नेहमी थबकावेसे वाटते, कारण सीझियम-137 चा क्षय झाला की त्याचे बेरियमच बनते. म्हणजे कैद्याने रूप पालटले तरी त्याच्या नव्या रूपालाही मानवणारे घर त्याला आधीच मिळालेले असते, आणि या पालटात भाराची जी तफावत पडते ती शेजारचे टायटॅनियम स्वतःवर घेते.

हा खडक घडवण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. घटकद्रव्यांच्या चूर्णात किरणोत्सारी द्रव मुरवून, वाळवून, भाजून ती भुकटी चुण्याचुण्यांच्या पोलादी डब्यात भरतात, आणि सुमारे 1,150 ते 1,200 अंश सेल्सिअस तापमानाला वरून दाब देतात, तेव्हा तो डबा बाजाच्या पेटीच्या भात्याप्रमाणे घडीवर घडी पडत मिटत जातो. भुकटी वितळत नाही, कण कणाला चिकटून आत काळाभोर, घट्ट दगड तयार होतो. काच ओतण्यापेक्षा ही रीत किचकट खरी, आणि अमेरिकेने सव्हाना नदीकाठच्या प्रकल्पासाठी 1982 मध्ये काचेलाच पसंती दिली. अल्पायुषी द्रव्यांसाठी काच पुरेशी आहे हे मला मान्य आहे. पण लक्षावधी वर्षे जगणारी द्रव्ये वेगळी काढता येत असतील, तर ती स्फटिकाच्याच ताब्यात द्यावीत असे मी आग्रहाने म्हणेन.

यावर आक्षेप घेतला जातो तो वजनदार आहे. प्लुटोनियमचा अणू अल्फाकण बाहेर टाकतो तेव्हा त्याचे केंद्रक मागे धक्का खाते आणि आसपासच्या शेकडो अणूंना जागेवरून हुसकावते. असे वर्षानुवर्षे घडत राहिले की स्फटिकाची शिस्त मोडते, तो फुगतो, अंतर्रचनेने काचेसारखाच होतो. मग त्याची जामीनकी ती काय राहिली? याचा निवाडा प्रयोगशाळेत होणे कठीण, म्हणून रिंगवूड आणि त्यांचे सहकारी श्रीलंकेत सापडलेल्या झिर्कोनोलाइटाकडे वळले. तेथील हे खनिज सुमारे 55 कोटी वर्षांचे, युरेनियम आणि थोरियमने भरलेले, आणि त्यांच्याच माऱ्याने आतून पार विस्कटलेले. त्यातील शिशाच्या समस्थानिकांचे मोजमाप केले तेव्हा आढळले, की स्फटिकाची घडी मोडून युगे लोटली, तरी ते युरेनियम, ते थोरियम आणि त्यांच्यापासून उपजलेले शिसे अजून त्या कणांच्या आतच होते.