नवी गाडी का थरथरते?

फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हा तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. क्लचमध्येही असे घडू शकते. अमेरिकेत विकलेल्या फोर्ड फोकस (२०१२-१६) आणि फिएस्टा (२०११-१६) या स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत दोन कोरडे क्लच होते. गिअरपेटीतले तेल सीलमधून झिरपून चकत्यांवर आले की घर्षण असमान होई आणि सावकाश निघताना गाडी थरथरे. २०१४ मध्ये कंपनीने त्यांतील बऱ्याच गाड्यांच्या क्लचची व सीलची वॉरंटी ७ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. अशी थरथर गॅरेजात नेमकी गायब होते (दाढदुखीसारखी!). म्हणून वेग, गिअर, गाडी किती वेळ चालली होती, हे टिपावे आणि तक्रार जॉबकार्डावर लिहून घ्यावी. दोष मुदतीतलाच होता, हे पुढे त्याच कागदावरून दाखवता येते.