अभयारण्याची रेघ आणि आमचा ऊस

दिवाळीच्या सुट्टीत ओतूरजवळच्या आमच्या मळ्यात गेलो होतो. रात्री दहाला पंपाची लाइट आली आणि धाकटा भाऊ उसाला दारं धरायला निघाला. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी. ही गाण्याची हौस नव्हे. माणूस येतोय हे बिबट्याला कळावं, म्हणून ही व्यवस्था. तो बांधाआड होईपर्यंत भावजय ओट्यावर उभी होती.

आठवीतला पुतण्या शाळेच्या प्रकल्पासाठी शार्क माशाचं चित्र रंगवत बसला होता. त्यानं मान वर करून विचारलं, ‘‘नाना, समुद्रात शार्कसाठी अभयारण्यं करतात. तिथं ते टिकतात. आपल्याकडंही भीमाशंकरचं अभयारण्य आहे. मग बिबट्या तिथं का नाही राहत?’’

प्रश्न मुलाचा होता, पण तो साऱ्या जुन्नर-आंबेगावचा आहे.

कोकणात ज्याला मुशी म्हणतात, त्याच कुळातले हे शार्क. त्यांतल्या प्रवाळांच्या आसऱ्यानं राहणाऱ्या जाती बहुधा आपला परिसर धरून असतात. त्या सावकाश वाढतात, पिलंही थोडीच देतात. त्यामुळं गळ आणि जाळी यांच्यापुढं त्यांचा निभाव लागत नाही. ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळभित्तींजवळ पाण्याखाली कॅमेरे लावून केलेली एक मोठी पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या ठिकाणी एकही शार्क दिसला नाही. जिथं मासेमारीवर बंदी किंवा बंधन होतं, तिथं चित्र बरं होतं. म्हणजे अभयारण्याची रेघ शार्कला वाचवते खरी. पण त्याचं घर त्या रेघेच्या आत असलं तरच.

आमच्या बिबट्याचं घर कुठं आहे? भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर, आणि ख्याती शेकरूची. पण खाली डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे आले आणि जिथं बाजरी डुलायची तिथं ऊस उभा राहिला. वर्ष-दीड वर्ष न हलणारा आडोसा, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? ऊसतोड सुरू झाली, की कोयत्यापुढं पाचटात बछडी सापडतात. उसातच जन्मलेल्या त्या जिवाला ऊस हेच रान. भीमाशंकरची रेघ त्याला कुणी सांगायची?

ती सांगण्याचा प्रयत्न आपण करून पाहिला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत असत. ते त्या काळात १७ वर गेले. परक्या मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर घराची वाट शोधत वस्त्यांतून फिरू लागलं, तर दुसरं काय होणार? शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो.

हे वाचून शहरातला माणूस मान डोलावतो. मीही पुण्यात बसून डोलावली होती. पण २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत लहान मुलंही होती. लोकांनी रस्ते अडवले. त्या आईबापांना आकडे ऐकवण्याचं धाडस माझ्यात नाही. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणारं जनावर हटवलंच पाहिजे. मात्र दिसला बिबट्या की लाव पिंजरा, यानं मुलं सुरक्षित होत नाहीत, एवढंच म्हणायचं आहे.

मग रेघ कुठं ओढायची? ती आपल्या दाराशी ओढावी लागेल. बंदिस्त गोठा, अंगणात दिवा, घराभोवती मोकळी जागा आणि अंधार पडला की मूल एकटं बाहेर न सोडणं. सापडलेली बछडी वनखात्याची माणसं रात्री त्याच जागी ठेवतात आणि पुष्कळदा आई ती घेऊन जाते. तेवढा धीर धरणं. हे सगळं मळेकरी करतीलही, बरेच जण करतातच. पण शेतीपंपाला दिवसा वीज देणं त्यांच्या हाती नाही. माझा भाऊ रात्री उसात जातो तो हौसेनं नव्हे.

आमच्या डोंगरातले महादेव कोळी बांधव वाघबारशीला वाघोबाची पूजा करतात. देवच, पण अंतर राखून राहावा, असा तो देव.

पुतण्याला यातलं जमेल तेवढं सांगितलं. त्यानं शार्कभोवती निळी रेघ ओढली. मग कागद उलटून आमचं घर, गोठा आणि ऊस काढला. ‘‘नाना, इथं रेघ कुठं काढू?’’ मी गोठ्याभोवती बोट फिरवलं. उसावर ते थांबलं. लांबून अजून गाणी ऐकू येत होती. भावजय मात्र आत गेली नव्हती.