भेग बुजली, पण काँक्रीट सांधले का?

काँक्रीटला भेगा पडतात यात नवे काही नाही. ताणापुढे ते मुळातच दुबळे. वाळताना आकसते, दिवसा तापते, रात्री निवते आणि कोठेतरी केसासारखी चीर उमटते. नवल आहे ते पुढे. नवी टाकी पहिल्यांदा भरली की भिंतीला ओल फुटते. गवंडी म्हणतो, "राहू द्या साहेब, आपोआप बंद होईल". आणि काही आठवड्यांत गळती खरोखरच थांबते. भेगेच्या जागी एक पांढरी रेघ तेवढी राहते. गवंड्याचे हे ज्ञान नियमपुस्तकांतही गेले आहे. पाणी धरणाऱ्या बांधकामांसाठी २००६ साली निघालेल्या युरोपीय संहितेनुसार, पाण्याची उंची भिंतीच्या जाडीच्या पाचपटीपर्यंत असेल, तर ०.२ मि.मी. रुंदीची आरपार भेग आपोआप बंद होईल असे धरता येते. उंची पस्तीसपट झाली की हीच मर्यादा ०.०५ मि.मी. वर येते.

ही पांढरी रेघ कशाची? शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर ती दुधाळ झालेली आपण सर्वांनी पाहिली आहे. भेगेत तेच घडते. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते, ते झिरपणाऱ्या पाण्यात उतरते आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचे, स्फटिक भेगेच्या दोन्ही कडांवर जमतात. गळती थांबण्याचे मुख्य कारण हेच, असे कॅरोला एडवर्डसन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. शिवाय आत काही सिमेंटचे कण कोरडेच राहिलेले असतात. भेगेवाटे पाणी पोचले की तेही कामाला लागतात. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे हेंक योंकर्स यांनी याला जिवाणूंची जोड दिली. त्यांनी व्हर्जिनी विक्टर यांच्यासह २०११ साली दिलेल्या निष्कर्षांप्रमाणे शंभर दिवस पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांत जिवाणूयुक्त मिश्रणाने ०.४६ मि.मी. पर्यंतची भेग भरली. साध्या मिश्रणाची मजल ०.१८ मि.मी. पर्यंतच गेली.

आकडे चांगले आहेत. पण भेग भरल्याचे ठरवले कसे? मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभाग पाहून. म्हणजे भेगेचे तोंड पाहून! आतल्या पोकळीचे काय झाले हे तोंडावरून कळत नाही. टाकीचे एक वेळ तेवढ्याने भागेल, पण तुळईला दोन्ही बाजू पुन्हा एकजीव झालेल्या हव्या असतात. नमुना फोडून आत डोकावावे, तर तो पुढच्या महिन्यात तपासायला उरत नाही. म्हणून काँक्रीट न फोडता करायच्या, अविनाशी परीक्षणांकडे वळावे लागते.

त्यांत सर्वांत रुळलेले परीक्षण श्राव्यातीत ध्वनीचे. ग्रीस लावून दोन शोधक काँक्रीटवर टेकवायचे आणि एकाकडून निघालेला स्पंद दुसऱ्याकडे किती मायक्रोसेकंदांत पोचतो ते मोजायचे. चांगल्या काँक्रीटमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४००० मीटर असतो. हवेने भरलेली भेग आडवी आली की तो जवळजवळ सगळा परततो, आणि भेगेच्या टोकाला वळसा घालूनच पलीकडे जातो. समजा, भेगेच्या दोन्ही बाजूंना १५० मि.मी. वर शोधक ठेवले. सलग काँक्रीटमध्ये हे ३०० मि.मी. अंतर ७५ मायक्रोसेकंदांत कापले जाते. भेगेवर मात्र १२५ लागले. पायथागोरसच्या सिद्धांताने भेगेची खोली २०० मि.मी. निघते. दोन महिन्यांनी तेथेच ९३.७५ मायक्रोसेकंद आले, तर खोली ११२.५ मि.मी. जवळपास निम्मी भेग बुजली!

येथेच खरी फसगत आहे. ही भूमिती भेग तळाकडून वर बुजत येते असे धरून चालते, आणि चुनखडी तर बहुधा तोंडाशी आधी जमते. तोंडाशी चार-दोन मिलिमीटरांचा पूल झाला, की स्पंदाला वळसा घालण्याचे कारण उरत नाही. तो पुलावरून सरळ जातो. वेळ ७५ च्या आसपास येतो, गणित खोली शून्य सांगते, आणि आत जवळजवळ वीतभर पोकळी तशीच असते. फरक उरतो तो स्पंदाच्या जोरात. अरुंद पुलावरून आलेला स्पंद क्षीण असतो. म्हणून नुसत्या वेळेच्या आकड्यावर न थांबता पडद्यावर लहरीची उंची पाहावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वेळ सर्वांत जवळची वाट सांगते. ती वाट किती रुंद आहे ते लहरीची उंची सांगते.

दुसरी फसगत पाण्याची. पाण्यातून ध्वनी जातो, त्यामुळे पाणी भरलेली भेग बुजलेल्या भेगेसारखी भासते. नमुना वाळवावा, तर ओलाव्याबरोबर सलग काँक्रीटमधला वेगही थोडा घटतो. तेव्हा त्याच ठोकळ्यावर, त्याच ओलाव्यात, भेग नसलेल्या जागेचे मापही प्रत्येक वेळी घेतले पाहिजे. प्रत्यक्ष बांधकामात आणखी एक लबाडी चालते ती सळईची: पोलादात ध्वनी काँक्रीटपेक्षा वेगाने जातो, आणि भेग ओलांडणारी सळई त्याला आयता पूल पुरवते.

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो. प्रयोगशाळेतील अनुनादाची चाचणी याच जातीची. ठोकळ्यावर हलकी टिचकी मारून त्याची नैसर्गिक वारंवारता मोजतात. भेगेने ताठरपणा गेला की ती उतरते, सांधा भरला की चढते. ही चाचणी सगळ्या ठोकळ्याविषयी बोलते, पण कोठे काय भरले ते सांगत नाही. पाण्यात ठेवल्याने उरलेले काँक्रीटही घट्ट होत असते, म्हणून भेग न पाडलेला जोडीदार ठोकळा शेजारी ठेवावा लागतो.

सांधा भार घेतो का, याचे उत्तर मला सर्वांत सरळ वाटते ते कान लावून ऐकण्याच्या पद्धतीत. जर्मनीत योझेफ कायझर यांनी १९५० साली दाखविले, की एकदा ताणलेला पदार्थ पुन्हा ताणला, तर आधीचा सर्वोच्च भार ओलांडेपर्यंत तो बहुतांशी गप्प राहतो. नवी मोडतोड झाली तरच आतून ध्वनिलहरी उठतात. आता भेग पाडलेला ठोकळा महिनाभर पाण्यात ठेवून पुन्हा भाराखाली घ्या. आधीच्या भारापेक्षा बराच कमी भार असतानाच भेगेच्या जागेवरून जोरदार लहरी येऊ लागल्या, तर तेथे मोडण्याजोगे काही नव्याने जुळले होते. तो गप्पच राहिला, तर वर दिसणारी पांढरी रेघ नुसती पाणी अडवत होती.

पण या ऐकण्याची किंमत आहे. त्यात जुळलेला सांधा पुन्हा तुटतो, म्हणजे ठोकळा शाबूत राहिला तरी परीक्षण पुरते अविनाशी राहत नाही. म्हणून ते शेवटी करावे. त्याआधी दर आठवड्याला गळती, स्पंदाचा वेळ आणि लहरीची उंची यांची नोंद एकाच वहीत ठेवावी.